सव्वादोन पास्कलचा हिशेब

टर्बाइनच्या पात्यांमधून जाताना हवेची किती ऊर्जा वाया गेली, हे थेट सांगणारं उपकरण कुठेही विकत मिळत नाही. दाब मोजता येतो, तापमान मोजता येतं, वेग आणि दिशा काढता येते. तोटा मात्र नेहमी वजाबाकीतून काढावा लागतो. ज्या दोन आकड्यांची ही वजाबाकी करायची, ते बहुतेक वेळा जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे मोजणीतली सगळी चूक त्या उरलेल्या चिमुकल्या बाकीवर येऊन बसते. या विषयाची समीकरणं कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडतात. बाकी शाबूत कशी ठेवायची, हे मात्र प्रयोगशाळेत एकमेकांकडूनच शिकलं जातं.

नुसतं हवेत बोलण्यापेक्षा एक पातं समोर ठेवू. विमानाच्या इंजिनात मागच्या बाजूला जी लो-प्रेशर टर्बाइन असते, तिच्या संशोधनात टी-106 हे पातं गेली चाळीसेक वर्षं वापरात आहे. पीडब्ल्यू-2037 या इंजिनाच्या लो-प्रेशर टर्बाइनमधल्या पात्याच्या मध्यछेदावरून ते आलं. इंजिनात पाती चकतीभोवती गोल बसवलेली असतात. अभ्यासासाठी ती गोलाई उलगडून पाच-सात पाती सरळ रांगेत, दोन भिंतींच्या मध्ये उभी करतात आणि विंड टनेलच्या तोंडाशी तिरकी बसवतात. ही रांग म्हणजे लिनिअर कॅस्केड. टी-106ए या मांडणीत पात्याची कॉर्ड (नाकापासून शेपटापर्यंतची लांबी) 198 मिलिमीटर, दोन पात्यांमधलं अंतर 158 मिलिमीटर आणि उंची 375 मिलिमीटर. हवा अक्षाशी 37.7 अंशांचा कोन करून आत शिरते आणि दुसऱ्या बाजूला कलून 63.2 अंशांनी बाहेर पडते. म्हणजे एका पात्याच्या लांबीत हवेला एकशे एक अंशांचं वळण. प्रत्यक्ष इंजिनातली पाती यापेक्षा बरीच लहान असतात. प्रयोगशाळेत ती मुद्दाम मोठी आणि वेग मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे रेनॉल्ड्स नंबर (वेग, आकार आणि हवेचा चिकटपणा यांचा मेळ सांगणारा आकडा) इंजिनातलाच राहतो आणि प्रोब (दाब टिपणारी बारीक दांडी) फिरवायला जागा मिळते.

आता आकडे मांडून पाहू. कॉर्ड आणि बाहेरचा वेग धरून रेनॉल्ड्स नंबर 1,60,000 हवा असेल, तर हवा पात्यांतून सेकंदाला सुमारे 12 मीटर वेगाने बाहेर पडायला हवी. ताशी चाळीसेक किलोमीटरने स्कूटर चालवताना लागतो तसा वारा. आत शिरतानाचा वेग त्याहून कमी, जेमतेम 7 मीटर. बाहेरच्या वेगाचा डायनॅमिक दाब (निव्वळ वेगामुळे येणारा दाब) 88 पास्कल, म्हणजे पाण्याच्या भाषेत 9 मिलिमीटर. पात्याच्या पृष्ठभागावरच्या घर्षणामुळे होणारा तोटा यातला समजा अडीच टक्के धरला (या जातीच्या पात्याला हा आकडा वावगा नाही), तर एकूण दाबातली (स्थिर अधिक डायनॅमिक) सरासरी घट येते 2.2 पास्कल. पाण्याचा स्तंभ पाव मिलिमीटरही नाही. आणि खोलीतल्या हवेचा दाब 1,01,325 पास्कल.

म्हणजे जे मोजायचं ते वातावरणाच्या दाबाच्या सेहेचाळीस हजाराव्या हिश्शाएवढं. पंचवीस टनांचा भरलेला ट्रक काट्यावर दोनदा चढवून, केबिनमध्ये ड्रायव्हरचा अर्ध्या किलोचा जेवणाचा डबा आहे की नाही हे ओळखायचं, त्यातला हा प्रकार. एक निरपेक्ष दाबमापक पात्याच्या आधी लावला, दुसरा नंतर लावला आणि वहीत वजाबाकी केली, तर डबा कधीच सापडणार नाही.

म्हणून वजाबाकी वहीत करायची नाही, नळीतच होऊ द्यायची. डिफरन्शियल ट्रान्सड्यूसरला, म्हणजे दोन दाबांमधला फरक थेट दाखवणाऱ्या दाबमापकाला, दोन तोंडं असतात. एका तोंडाला पात्यांच्या आधी ठेवलेला पिटो (वाऱ्याकडे तोंड करून एकूण दाब टिपणारी नळी) जोडायचा, दुसऱ्याला पात्यांच्या मागे फिरणारा प्रोब. आतल्या पडद्याच्या दोन्ही बाजूंना वातावरणाचा दाब सारखाच दाबत असल्याने तो आपोआप कटतो. पंख्याने दिलेला दाबही कटतो. उरतो तो निव्वळ तोटा. असा ट्रान्सड्यूसर 100 पास्कल पल्ल्याचा घेतला आणि त्याची चूक पल्ल्याच्या पाव टक्का असली, तर ती पाव पास्कल झाली. 2.2 पास्कलपुढे पाव पास्कल काही थोडी नाही, पण त्यातला मोठा भाग शून्य सरकल्यामुळे येतो, आणि शून्य तपासता येतं. मोजणीआधी शून्य, मोजणीनंतर शून्य, मधला फरक वेळेच्या प्रमाणात वाटून टाकायचा. इतक्या कमी पल्ल्याचे ट्रान्सड्यूसर नाजूक असतात. पडदा आडवा आहे की उभा, एवढ्यानेही शून्य हलतं. त्यामुळे ज्या स्थितीत बसवला त्याच स्थितीत शून्य घ्यायचं आणि मग त्याला हात लावायचा नाही. उन्हाची तिरीप किंवा एसीचा झोत थेट त्यावर येऊ द्यायचा नाही. या सूचना किरकोळ वाटतात, पण नवख्या माणसाचे पहिले पंधरा दिवस बहुधा यांतच जातात.

पंख्याचं तेच. व्होल्टेज वरखाली झालं आणि पंख्याचा वेग एक टक्का बदलला, तर डायनॅमिक दाब दोन टक्के बदलतो. 88 पास्कलांचे दोन टक्के म्हणजे पावणेदोन पास्कल. जवळजवळ अख्खा तोटाच. म्हणून प्रत्येक बिंदूवर तोट्याच्या वाचनासोबत त्याच क्षणी संदर्भाचा डायनॅमिक दाबही नोंदवायचा आणि भागाकार तिथल्या तिथे करायचा. सकाळी एकदा वेग मोजला आणि दिवसभर तोच वापरला, असं इथे चालत नाही.

या मांडणीचा मला सर्वांत आवडणारा गुण असा, की ती स्वतःची परीक्षा स्वतःच घेते. पात्याच्या मागे मंद हवेचा पट्टा असतो, त्याला वेक म्हणतात. टी-106च्या मागे थोड्या अंतरावर हा पट्टा एका पात्याच्या जागेचा साधारण पाचवा हिस्सा व्यापतो. उरलेल्या चार हिश्शांत हवेला कुणी हातही लावलेला नसतो. तिचा एकूण दाब आधीइतकाच असायला हवा. म्हणजे प्रोब वेकच्या बाहेर आला की ट्रान्सड्यूसरने शून्य दाखवायला हवं. दाखवत नसेल, तर पुढचं एकही वाचन घेण्यात अर्थ नाही.

शून्य का येत नाही याची कारणं ठरलेली आहेत, आणि ती याच क्रमाने शोधावीत. आधी नळ्यांची गळती: एक टोक बंद करायचं, दुसरीकडून थोडा दाब द्यायचा आणि मिनिटभर आकड्याकडे पाहायचं. सिलिकॉनची नळी स्टीलच्या बारीक ट्यूबवरून वारंवार काढली-घातली की तिचं तोंड सैल पडतं; कात्रीने सेंटिमीटरभर कापून पुन्हा बसवली की निम्मे रोग बरे होतात. मग पावसाळ्यात नळीत बसलेला पाण्याचा थेंब. मग प्रोबचं तोंड हवेच्या दिशेला नीट आहे की नाही. हे सगळं ठीक असून वाचन शून्याच्या खाली स्थिर राहत असेल, तर टनेलच्या आतल्या जाळ्यांवर धूळ बसून आत येणारी हवाच असमान झालेली असते. एका जागी थोडा जास्त दाब, दुसरीकडे कमी. दाबाची अशी उधळण पात्याच्या तोट्यात मिसळली की ती नंतर कुठल्याही गणिताने वेगळी काढता येत नाही. जाळ्या उतरवून धुणं एवढाच इलाज.

दुसरी मोठी अट पुनरावृत्तीची. खऱ्या टर्बाइनमध्ये पात्यांच्या रांगेला टोक नसतं. कॅस्केडला दोन टोकं असतात. टोकांच्या भिंती चुकीच्या कोनात असतील, तर पहिल्या आणि शेवटच्या पात्यांजवळ हवा वेगळी वागते, आणि शंभर अंशांच्या वळणात हा बिघाड मधल्या पात्यांपर्यंत पोचतो. म्हणून मागच्या बाजूला बिजागऱ्यांवर फिरणाऱ्या फळ्या, म्हणजे टेलबोर्ड, असतात आणि पुढच्या बाजूला भिंतीलगतची मंद हवा काढून टाकणाऱ्या फटी. मधल्या दोन पात्यांना अर्ध्या मिलिमीटरची छिद्रं पाडलेली असतात: एकाच्या फुगीर बाजूला, शेजारच्याच्या खोलगट बाजूला, म्हणजे मधली एक वाट दोन्हीकडून पाहता येते. छिद्राच्या कडेला केसाएवढा बर (धातूचा उरलेला खरबरीत काठ) राहिला तरी स्थिर दाब चुकतो, तेव्हा छिद्र पाडल्यावर कड भिंगाखाली बघून घ्यावी. मग टेलबोर्ड अर्धा-अर्धा अंश हलवत राहायचं, जोवर शेजारशेजारच्या वेक सारख्याच खोल, सारख्याच रुंद आणि नेमक्या 158 मिलिमीटरवर येत नाहीत. यात कंटाळा येतो. पण दोन वेक एकमेकींशी जुळत नसताना तोट्याचा तिसरा दशांश सांगणं म्हणजे स्वतःची करमणूक.

प्रोब कोणता, यावरही बरंच अवलंबून आहे. नुसत्या पिटोला दिशा कळत नाही. तीन छिद्रांचा प्रोब एका प्रतलातली दिशा सांगतो, पाच छिद्रांचा दोन्ही. पाच छिद्रांच्या प्रोबचं डोकं दोन-तीन मिलिमीटर जाडीचं असतं: मध्ये एक छिद्र, चार उतरत्या बाजूंवर चार. वापरण्याआधी त्याला मोकळ्या, स्वच्छ झोतात धरून डावीकडे-उजवीकडे आणि वर-खाली 30 अंशांपर्यंत फिरवतात आणि प्रत्येक कोनाला पाच दाबांचे संबंध नोंदवून नकाशा तयार करतात. नंतर वेकमध्ये मिळालेले पाच दाब या नकाशावर ठेवून उलट दिशेने कोन, वेग आणि एकूण दाब काढायचा.

हा नकाशा एकसंध झोतात बनवलेला असतो. वेक एकसंध नसते, आणि इथेच गोची होते. वेकच्या उतारावर एकूण दाब दर मिलिमीटरला दोनेक पास्कलांनी बदलत असला, तर प्रोबच्या डावी-उजवीकडच्या छिद्रांना, ती एकमेकांपासून दीड मिलिमीटर दूर असल्यामुळे, तीन पास्कलांचा फरक दिसतो. प्रोबला वाटतं हवा वळली. हवा मुळीच वळलेली नसते. वेकच्या एका उतारावर अर्धा-पाऊण अंश डावीकडे, दुसऱ्या उतारावर तितकाच उजवीकडे, असा इंग्रजी एस आकाराचा कोनाचा आलेख छापून येतो आणि तो पाहून एखादा उत्साही विद्यार्थी त्यात भोवरे शोधू लागतो. उपाय दोन. एक तर प्रोब आणखी बारीक घ्यायचा. नाही तर प्रत्येक छिद्राचं वाचन त्याच्या खऱ्या जागेवर नेऊन ठेवायचं आणि मधल्या छिद्राच्या जागी सगळ्यांची किंमत काढून मगच नकाशा वापरायचा. बारीक प्रोबला त्याचं वेगळं दुखणं आहे: 0.3 मिलिमीटरच्या छिद्रातून, दोन मीटर नळीतून दाब पलीकडे पोचायला वेळ लागतो. ट्रॅव्हर्स (प्रोब सरकवणारी यंत्रणा) हलल्यावर दोन-तीन सेकंद थांबलं नाही, तर मागच्या बिंदूचा दाब या बिंदूच्या नावावर चढतो आणि अख्खी वेक प्रोबच्या चालीच्या दिशेने सरकलेली दिसते. पडताळा सोपा आहे. तीच रेघ एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून मोजा. दोन्ही शिखरं एकमेकांवर बसली नाहीत, तर थांबण्याचा वेळ वाढवा.

कोन चुकला तर काय बिघडतं? बाहेर पडणारी हवा 63 अंशांवर इतकी कललेली असते, की कोनात एका अंशाची चूक झाली तर अक्षाच्या दिशेने जाणाऱ्या हवेच्या वस्तुमानात साडेतीन टक्क्यांची चूक होते. एका अर्थी हे बरंच आहे. आत शिरलेली हवा आणि बाहेर पडलेली हवा यांचा हिशेब मांडला, की कोनाची चूक लगेच उघडी पडते. पात्याच्या उंचीच्या मध्यरेषेवर आत-बाहेरचा प्रवाह एका टक्क्यात जुळत असेल, तर कोन अंशाच्या तिसऱ्या हिश्शापर्यंत बरोबर आहे असं समजायला हरकत नाही.

आता सरासरी. इथे भांडणं होतात आणि ती रास्त आहेत. वेक ओलांडून तीसेक बिंदूंवर दाबाची घट मोजली. वेकमध्ये दोन-दोन मिलिमीटरवर, बाहेर आठ-आठवर. याची एक संख्या कशी करायची? नुसती क्षेत्रफळावर सरासरी काढली, तर जिथून हवा कमी जाते त्या वेकलाही तितकंच मत मिळतं आणि तोटा जास्त दिसतो. म्हणून ज्या बिंदूतून जितकी हवा जाते तितकं त्याला वजन देतात. पण हीही संख्या प्रोब पात्यापासून किती दूर धरला यावर बदलते. पात्याच्या शेपटाजवळ मोजलं तर तोटा कमी, दूर मोजलं तर जास्त. कारण वेक आजूबाजूच्या वेगवान हवेत मिसळताना आणखी ऊर्जा खर्च होते आणि ती अजून झालेली नसते. दोन प्रयोगशाळांचे आकडे जुळत नाहीत तेव्हा पहिला प्रश्न विचारावा तो हाच: प्रोब कुठे होता?

यातून सुटण्याची एक सभ्य पद्धत आहे. मोजलेल्या रेघेपासून पुढे हवा पूर्ण मिसळून एकसारखी झाली असं समजायचं, आणि त्या मधल्या जागेत तीन गोष्टी टिकतात असं धरून गणित करायचं: वस्तुमान, अक्षाच्या दिशेचा संवेग आणि पात्यांच्या रांगेच्या दिशेचा संवेग. त्यातून शेवटचा स्थिर दाब आणि वेग मिळतो, त्यातून एकूण दाब, आणि त्यातून पूर्ण मिसळल्यानंतरचा तोटा. भिंतींचं घर्षण सोडलं तर हा आकडा प्रोबच्या जागेवर अवलंबून राहत नाही. दोन वेगवेगळ्या अंतरांवर मोजून तो सारखा आला, तर मोजणी बरी झाली म्हणायची. मात्र खऱ्या इंजिनात वेक पूर्ण मिसळायच्या आतच पुढची पाती येऊन तिला कापतात, हे विसरून चालत नाही. म्हणून अहवालात दोन्ही आकडे द्यावेत असं मला वाटतं. कागद काही महाग नाही.

भाजक कोणता, हेही सांगून टाकावं. टर्बाइनवाले सहसा बाहेरच्या डायनॅमिक दाबाने भागतात. तोच 2.2 पास्कल आतल्या 28 पास्कलांनी भागला, तर अडीच टक्क्यांचे पावणेआठ टक्के होतात. पातं तेच, हवा तीच.

आतापर्यंतचं सगळं पात्याच्या मध्यरेषेवरचं. भिंतीपाशी गेलं की चित्र बदलतं. भिंतीलगतची मंद हवा पात्याच्या नाकावर आपटून दोन्ही बाजूंना घोड्याच्या नालेसारखी वळते. पात्यांच्या मधल्या वाटेत खोलगट बाजूला दाब जास्त आणि फुगीर बाजूला कमी असतो. मधली वेगवान हवा त्या दाबाला पुरून उरते, भिंतीवरची मंद हवा उरत नाही आणि आडवी ओढली जाते. तिचा मोठा भोवरा बनतो. त्याच्यामुळे झालेला तोटा मोजायला भिंतीपासून मध्यापर्यंत सगळ्या उंचीवर प्रोब फिरवावा लागतो. पंचवीस उंची आणि प्रत्येक उंचीवर तीसेक बिंदू म्हणजे आठशे वाचनं. प्रत्येकी पाच सेकंद धरले तर तासाहून जास्त वेळ. तेवढ्यात खोली तापते, शून्य सरकतं, आणि मघाची सगळी पथ्यं पुन्हा आठवावी लागतात. हाती आलेल्या एकूण तोट्यातून मध्यरेषेवरचा तोटा वजा करायचा. मग आत येणाऱ्या हवेच्या भिंतीलगतच्या थरात जो तोटा आधीच होता, तोही वजा करायचा, कारण तो आपल्या पात्याने केलेला नाही. हा थर दर प्रयोगशाळेत वेगळ्या जाडीचा असतो. तो न मोजता दिलेला भिंतीचा तोटा दुसऱ्या कुणाच्या कामाचा नाही.

टर्बाइनचे संशोधक जॉन डेन्टन यांनी 1993 साली लिहिलेल्या निबंधापासून या क्षेत्रात तोटा एंट्रॉपीच्या (ऊर्जा किती निरुपयोगी झाली याच्या मापाच्या) भाषेत मांडण्याची सवय रुळली, आणि ती योग्यच आहे. उष्णता बाहेर जात नसेल, तर एकूण दाबातली घट आणि एंट्रॉपीतली वाढ या एकाच गोष्टीच्या दोन नोंदी. पण एंट्रॉपीने विचार केला की ती कुठे तयार होते हे विचारता येतं. पृष्ठभागालगतच्या थरात ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात तयार होते. पात्याच्या फुगीर बाजूला वेग तीस टक्के वाढला, तर तिथला तोटा दुपटीच्या वर जातो. खोलगट बाजूला वेग कमी, म्हणून तिथे कितीही गुळगुळीतपणा केला तरी पदरात फारसं पडत नाही. पॉलिश करायला वेळ मोजकाच असेल, तर तो फुगीर बाजूला द्यावा.

त्याच फुगीर बाजूच्या मागच्या अर्ध्यात लो-प्रेशर टर्बाइनचं एक खास दुखणं आहे. रेनॉल्ड्स नंबर कमी असल्यामुळे हवेचा थर तिथे शांत, स्तरित असतो. घर्षणाच्या दृष्टीने हे चांगलं, पण असा थर वाढत्या दाबापुढे टिकत नाही. तो पृष्ठभाग सोडतो, खळबळतो आणि पुन्हा येऊन चिकटतो. मध्ये बुडबुडा राहतो. बुडबुडा लांबला की तोटा झपाट्याने वाढतो. स्वच्छ, शांत हवेच्या कॅस्केडमध्ये हा बुडबुडा खऱ्या इंजिनापेक्षा मोठा दिसतो, कारण इंजिनात आधीच्या रांगेतल्या पात्यांच्या वेक सतत येऊन त्या थराला डिवचत असतात. प्रत्येक वेक गेल्यावर थोडा वेळ थर शहाण्यासारखा चिकटून राहतो. 1990च्या दशकात हे नीट समजलं, आणि त्याच्या भरवशावर प्रत्येक पात्यावर जास्त भार टाकून पात्यांची संख्या सुमारे पाचव्या हिश्शाने कमी करता आली. जमिनीवर याची नक्कल करायला कॅस्केडपुढून पट्ट्यावर बसवलेल्या दोनेक मिलिमीटर जाडीच्या काड्या फिरवतात. त्या काड्यांचा स्वतःचाही तोटा असतो. तो वेगळा मोजून वजा करायचा.

वेग ध्वनीच्या जवळ गेला की नियम बरेच बदलतात. बंगळुरूच्या नॅशनल एरोस्पेस लॅबोरेटरीजमध्ये यासाठी ट्रान्सॉनिक कॅस्केड टनेल आहे. तिथे प्रोबची दांडीच शॉकची (दाबाच्या अचानक उडीची) जागा हलवू शकते, आणि हवेची घनता बदलत असल्याने साध्या डायनॅमिक दाबाने भागणं सोडून गतिज ऊर्जेचा हिशेब करावा लागतो.

पाती फिरू लागली की मग कार्यक्षमतेचा प्रश्न येतो. समजा प्रयोगातली टर्बाइन 400 केल्विनची हवा घेते आणि दाब निम्मा करते. काहीही वाया गेलं नाही तर हवा 72 अंश थंड व्हावी. 90 टक्के कार्यक्षमता म्हणजे 65च्या जरा खाली. एक टक्का कार्यक्षमता म्हणजे पाऊण अंशही नाही, आणि बाजारात मिळणाऱ्या साध्या के-प्रकारच्या थर्मोकपलची चूक दोन अंशांच्या वर असते. त्यात या पद्धतीचा खोड्याळपणा असा, की केसिंगमधून उष्णता बाहेर गळाली तर बाहेरची हवा आणखी थंड मोजली जाते आणि टर्बाइन आहे त्यापेक्षा चांगली दिसते. चूक आपल्या बाजूने झाली की ती कुणी शोधत नाही. म्हणून शक्य तिथे शाफ्टवरचा टॉर्क मोजावा, बेअरिंगचं घर्षण वेगळं मोजून त्यात मिळवावं, आणि तापमानाचा आकडा पडताळ्यापुरता ठेवावा.

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्रात 500 मेगावॉटचे पाच संच आहेत. अशा संचाच्या टर्बाइनमध्ये एक टक्का सुधारला, तर त्याच वाफेतून 5 मेगावॉट जास्त, म्हणजे युनिटला सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा धरून तासाला तीनएक टनांची बचत. टर्बाइनचे उच्च, मध्यम आणि कमी दाबाचे भाग म्हणजे एचपी, आयपी आणि एलपी सिलिंडर. एचपी आणि आयपी सिलिंडरची कार्यक्षमता तापमान आणि दाबावरून काढता येते, कारण तिथली वाफ कोरडी असते. एलपीच्या शेवटी वाफ ओली होते. ओल्या वाफेचं तापमान दाबाशी बांधलेलं असतं. थर्मामीटर कितीही चांगला असला, तरी त्यात पाणी किती आहे हे तो सांगू शकत नाही. मग जनरेटरच्या एकूण उत्पादनातून एचपी आणि आयपीचा वाटा वजा करतात आणि उरलेलं एलपीच्या नावावर लिहितात. समजा एलपीचा वाटा 200 मेगावॉट आहे आणि फीडवॉटरच्या (बॉयलरला जाणाऱ्या पाण्याच्या) मोजणीत अशी चूक झाली की हिशेब अडीच मेगावॉटने हलला. एकूणात ती अर्धा टक्का, पण ती सगळी एलपीवर येते आणि तिथे सव्वा टक्का होते. निर्दोष सिलिंडर उघडायचा निर्णय अशा आकड्यावरून होऊ शकतो.

म्हणून चाचणीआधीचं मोठं काम टर्बाइनपासून दूर, पाइपांच्या जंगलात असतं. मेकअप पाणी (बाहेरून भरलं जाणारं पाणी) बंद करायचं, ड्रेन आणि बायपास बंद करायचे, आणि मग हॉटवेल, डीएरेटर आणि ड्रम या पाणी साठवणाऱ्या टाक्यांच्या पातळ्या बघत बसायचं. पाणी कुठेही जात नसताना एकूण साठा घटत असेल, तर तो कुठेतरी जातोय. एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेच्या चाचणी-नियमांत ही हिशेबाबाहेरची गळती मुख्य वाफेच्या 0.1 टक्क्याच्या आत आणायला सांगितली आहे. त्यासाठी इन्फ्रारेड थर्मामीटर घेऊन प्रत्येक बंद ड्रेन व्हॉल्व्हच्या पलीकडचा पाइप तपासत जायचं. व्हॉल्व्ह बंद करून तास झाला तरी पलीकडचा पाइप गरम असेल, तर तो व्हॉल्व्ह पासिंग आहे, म्हणजे बंद असूनही आतून गळतोय. त्याला खडूने खूण करायची, आणि तो नीट बसल्याशिवाय चाचणी सुरू करायची नाही.